पिवळ्या बाणांची फेरी

रंगाऱ्याची ताई आठ महिन्यांत एकदाही हरवली नव्हती, आणि त्याचं सगळं श्रेय तो स्वतःकडे घ्यायचा. का नाही घ्यायचं? शहरातल्या बागांमधून फिरवून आणणारी सात किलोमीटरची ती गोल वाट त्यानेच तर रंगवली होती. घरासमोरच्या गुलाबबागेतून निघायचं, मोठ्या उद्यानातून तळ्यावर यायचं, काठाकाठाने पक्ष्यांच्या राखीव जंगलात शिरायचं आणि मुलांच्या बागेतून पुन्हा गुलाबबागेत. एकशे बारा खांब, प्रत्येकावर एक पिवळा बाण. उद्यान खात्यात असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, असं मुकादमही म्हणायचा. तोंडावर नव्हे, पण म्हणायचा.

ताई जन्मभर शाळामास्तरीण. परीक्षेच्या वर्गात तिच्यासमोर मान वळवायची कोणाची टाप नव्हती, सख्ख्या भावाचीसुद्धा नाही. तिचं डोकं साथ देईना, तसं डॉक्टर म्हणाले, रोज चालू द्या. मग त्याने तिला नियम घालून दिला. "ताई, पिवळा बाण दाखवेल तिकडे जायचं. थांबायचं नाही. कोणी बोलावलं तरी जायचं नाही. बाण तुला घरी आणतो."

"बाण मला घरी आणतो," ताईने घोकलं. "गाढवा, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोललास."

हळूहळू ती शेजारीण विसरली, भावजय विसरली, आणि एक दिवस चहा देणाऱ्या भावाला "तुम्ही कोण?" म्हणाली. तो मोरीत जाऊन रडला. पण नियम ती विसरली नाही. आठला निघायची, साडेदहाला दारात हजर.

त्या दिवशी सकाळी सातलाच मुकादमाचा फोन आला. जंगलातल्या पुलाची फळी मोडली होती. "तळ्याकडचं फाटक बंद कर, माणसं तळ्याच्या दुसऱ्या काठाने परत पाठव, आणि नऊच्या आत डेपोत ये." रंगाऱ्याने फाटकाला कुलूप घातलं, पाटी लावली, शेजारच्या खांबावरचा बाण खरवडला आणि डावीकडे नवा काढला. दुसरा काठ फिरून पुन्हा तळ्याच्या तोंडाशी, उद्यानातली वाट तळ्याला मिळते तिथेच येतो. तिथला जुना बाण जंगलाकडेच बोट दाखवत होता. तोही फिरवायला हवा होता, पण रंगाचा डबा खरवडला तरी थेंब निघेना. जाऊ दे, त्याला वाटलं, तिथून घरी जायचं एवढं कोणाला कळत नाही? उद्या बघू.

दुपारी एकला तो जेवायला आला तर बायको दारातच उभी. "वन्सं तुमच्याकडे आल्यात ना? मला वाटलं, तुम्ही वाटेत भेटलात नि घेऊन गेलात."

तो उंबऱ्यावरूनच पळाला, तोही उलट्या बाजूने. गोल वाटेवर समोरून गेलं की माणूस लवकर भेटतं, एवढा हिशोब त्याला सुचला. मुलांच्या बागेतून तो जंगलात शिरला, आणि मोडक्या पुलापाशी आल्यावर त्याला आठवलं की वाट बंद आहे, आणि ती आपणच बंद केली आहे. आला तसा मागे फिरला. घरावरून, उद्यानातून तळ्यावर पोचेस्तोवर तीन वाजले.

"त्या पांढऱ्या केसांच्या बाई?" होडीवाला म्हणाला. "अहो, सकाळपासून तळ्याला फेऱ्या घालतायत. ही आठवी. बसा म्हटलं, पाणी देतो म्हटलं. थांबायची परवानगी नाही म्हणाल्या."

रंगाऱ्याला सगळा प्रकार एकदम कळला, आणि नसता कळला तर बरं झालं असतं असं वाटलं.

ताई समोरून येत होती. ओठ कोरडे पडलेले, एक चप्पल कुठे गेली कोण जाणे, मोकळी टाच सोलवटलेली. चाल मात्र तीच, पहाऱ्यावरची. तो धावत गेला. "ताई, अगं चल घरी. पुरे झालं!"

"घर इकडून आहे," ती न थांबता म्हणाली.

त्याने तिचा हात धरला तशी ती जीव खाऊन ओरडली. बाकांवरची माणसं उठली. एक दांडगा गृहस्थ मध्ये आला. "काय चाललंय? बाई, ओळखता का यांना?"

"नाही," ताई म्हणाली. परीक्षेत पकडलेल्या पोराकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. "हा माणूस मला वाटेवरून बाजूला काढतोय."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी!" त्याचा आवाज फाटला. कोणी विश्वास ठेवीना. होडीवाल्याने ओरडून सांगितलं तेव्हा ते लोक बाजूला झाले, पण तोवर ताई पुढे निघूनही गेली होती.

तिच्याआधी तळ्याच्या तोंडाशी पोचायचं म्हणून तो गवतातून आडवा धावला. खांब सिमेंटात रोवलेला, हलता हलेना. त्याने किल्ली काढली आणि आपलाच बाण खरवडायला घेतला. रंग निघेना. दोन हात देऊन, चांगला वाळवून काढला होता मेल्याने! त्याने चिखल घेतला, थापायला लागला.

"हात काढ तिथून!"

ताई मागे उभी होती. दिवसभरात पहिल्यांदाच थांबली होती. तिने खोचलेला पदर सोडला, वाकली आणि बाणावरचा चिखल पुसून काढला. अगदी टोकापर्यंत.

"माझ्या धाकट्या भावाने काढलाय हा," ती म्हणाली. "अभ्यासात ढ होता. पण बाण कधी चुकवत नाही."

"चुकवला गं, ताई," तो म्हणाला. "चुकवला मी."

तिने ऐकलं नाही. बाणाकडे बघितलं आणि जंगलाच्या दिशेने चालायला लागली. चार पावलांवर मागे वळली. हा अनोळखी माणूस चिखलात बसून रडतोय, हे तिला बघवलं नसावं.

"वाट चुकलात का?" तिने विचारलं. "या माझ्या मागे. आलंच आता घर."

रंगारी उठला. तिची नववी फेरी सुरू झाली होती, आणि तो तिच्या मागे चालायला लागला.