मूठभर मी, गोळाभर चिंच

मी युरिया बोलतोय. नाक मुरडू नका, तुमच्याही अंगात मी रोज तयार होतो आणि मुतावाटे बाहेर पडतो. अठराशे अठ्ठावीस साली एका शास्त्रज्ञानं मला काचेच्या भांड्यात बनवलं, तेव्हा जिवंत देहाशिवाय हा आलाच कसा म्हणून भले भले थक्क झाले. मलाही माझं अजून नवल वाटतं. प्लायवूडच्या सरसात मी, विजेच्या बटणात मी, भेगाळलेल्या टाचांच्या मलमातही मीच.

माझा जन्म मात्र कारखान्यातला. हवा आणि खनिज तेल यांतून काढलेल्या वायूंपासून, प्रचंड दाबाखाली मी घडलो. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे झाले आणि गोणीत भरून तेरजवळच्या एका गावात, दूध सोसायटीत येऊन पडलो. साल शहाऐंशीचं. तेरणा नदीचं पात्र कोरडं, शेतात ओल नाही. मला पिकाला घालणार कोण?

सोसायटीचे सेक्रेटरी रामलिंग यांनी वेगळंच सांगितलं. मला पाण्यात कालवून निकस कडब्यावर शिंपडायचं, तीन आठवडे प्लास्टिकखाली दाबून ठेवायचं, मग मोकळ्या हवेत पसरून जनावराला घालायचं. "पर नुस्ता खाऊ घालू नका," असं त्यांनी दहादा बजावलं. गाईच्या पोटातले डोळ्यांना न दिसणारे जीव माझ्यापासून अंगाला लागणारं अन्न तयार करतात. हे ऐकून मीच अवाक झालो.

गावातल्या मालनबाईंनी मला नेलं, कडब्यावर शिंपलं आणि तो झाकला. त्यांच्याकडे तांबू नावाची एकच गाय, तीही गाभण. घरातल्या नातवंडांचं दूध तिच्यावरच होतं.

काम झालं. बादलीच्या तळाशी माझे ओंजळभर दाणे विरघळायचे राहिले होते. मालनबाईंनी दोन तांबे पाणी घालून बादली विसळली. एरवी कुणीही ते ओतून दिलं असतं. पण यंदा इथं कुणी पाणी ओतून देत नाही. आंघोळीचं भांड्यांना, भांड्यांचं जनावराला. मी पाण्यात विरघळलो की ते गार पडतं. मालनबाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि हरखल्या.

"पी गं माय, कसं गारगार हाय बघ."

तांबूनं बादली चाटूनपुसून कोरडी केली. मला ओरडता येत नव्हतं. अर्ध्या तासात तिचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला, पोट तट्ट फुगलं.

मालनबाई सोसायटीकडं धावल्या. "रामलिंगआप्पा, गाय पडली वो!"

"काय पाजलं मावशी?"

"बादलीचं इसळण!"

रामलिंग यांचा चेहराच उतरला. पोटात माझा एकदम अमोनिया झाला होता, आणि तो विषारी. "व्हिनेगर पायजे. आंबट कायबी चालंल. अन् लई गार पाणी."

आंबट म्हणजे चिंच. घरात वर्षभराचा मीठ लावलेला गोळा होता. पाणी मात्र दोनच हंडे, टँकरचं, चार दिवस पुरवायचं. मालनबाईंनी एकदाच हंड्यांकडे पाहिलं आणि सगळी चिंच त्यात कुस्करली. मग बांबूच्या नळकांड्यानं, ठसका लागू नये म्हणून जरा जरा थांबून, ते तांबूला पाजलं.

मी आत होतो. चिंचेचं आम्ल आलं आणि माझ्या अमोनियाला भिडलं. ती झाडावर पिकलेली, मी यंत्रात तयार झालेला. आमची कधी ओळख नव्हती. तरी ती आली आणि माझी धग हळूहळू निवली. असलं नवल मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं.

दिवस कलता तांबू उठली. मालनबाई तिच्या गळ्याला मिठी मारून रडल्या. त्या रात्री घरात कुणी पाणी मागितलं नाही.

तीन आठवड्यांनी कडबा उघडला, वारा दिला. पहिली पेंढी मालनबाईंनी नाकाशी धरून हुंगून पाहिली. मग त्यांनी ती तांबूपुढं टाकली. तांबूनं ती पार संपवली.

मी उरलो तो या डालड्याच्या डब्यात, चुलीपासून लांब, उंच फळीवर. शेजारच्या सीताबाई काल वाडगं घेऊन आपल्या कडब्यासाठी मला मागायला आल्या. मालनबाईंनी मूठभर मला दिलं आणि वर नव्यानं आणलेल्या चिंचेचा गोळा ठेवला.

"चिंच कशाला गं?"

"ह्याच्यासंगं जातीच ती. आन् बादली इसळली तर ते पाणी भुईला दे. तेवढं पाणी सांडलं तरी चालंल."