वारा नव्हता

शुक्रवारी वारा नव्हता. अजिबात नव्हता. आणि हे नोरीनला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण ती मैदानावरच्या खाण्याच्या टपरीत होती, आणि आपल्या कोलार गावात टपरीत उभं राहणाऱ्या बाईला वाऱ्यातलं जेवढं कळतं तेवढं रेडिओवर हवामान सांगणाऱ्यालाही कळत नाही. वारा असला की कागदी रुमालांच्या गठ्ठ्यावर मोहरीच्या सॉसची मोठी बाटली ठेवायची, नाहीतर अर्धा गठ्ठा पलीकडच्या मक्यात. शुक्रवारी बाटली बाजूलाच होती. सामना संपेपर्यंत एक रुमाल हलला नाही.

आणि तिचा नवरा, व्हर्न स्टेहलिक, शाळेच्या फुटबॉल संघाचा (चेंडू हातात धरून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल) कोच, शनिवारी सकाळपासून गावाला सांगत सुटला होता की वारा होता.

झालं काय होतं, ते आधी ऐका. आपण अठ्ठावीस, पाहुणे बत्तीस. चार मिनिटं उरलेली. चेंडू त्यांच्या बावीस यार्डांच्या रेषेवर, चौथा प्रयत्न, म्हणजे शेवटचा, आणि पुढे जायचंय अजून अठरा यार्ड, ते काही धावून होणारं नाही. मग करायचं काय? किक. सरळ दोन खांबांमधून. एझ्रा पोकोर्नी आहे ना आपल्याकडे, तो सरावात याच्याहून लांबून मारतो, डोळे झाकून. गेली की चार गुण, बत्तीस-बत्तीस, बरोबरी, आणि पाहुणे दमलेले, त्यांचा मोठा गडी लंगडत होता, जादा वेळेत आपण त्यांना खाल्लंच असतं. एझ्रा हेल्मेट घालून उभासुद्धा राहिला होता.

आणि कोचने काय केलं? पंट. म्हणजे चेंडू उंच उडवून द्यायचा आणि तो पाहुण्यांचा. गुण काही नाही. आपल्याच गोलच्या जवळ असताना, जीव वाचवायला करतात ते काम, ते याने त्यांच्या दारात उभं राहून केलं. तेही एझ्राच्याच पायाने. त्याच पोराला सांगितलं, किक नको, पंट मार. मारली त्याने. पाहुण्यांनी चेंडू घेतला, चार मिनिटं इंच-इंच पुढे सरकले, आणि घड्याळ संपलं.

नोरीनच्या हातात तेव्हा चिमटा होता, आणि चिमट्यात हॉटडॉग, आणि तो तिने समोरच्या गिऱ्हाइकाच्या पावात न ठेवता तसाच हवेत धरून ठेवला. समोर लॅडी कुचेरा. धान्याच्या कोठारावर तीस वर्षं काम केलेला म्हातारा. त्याने मैदानाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "नोरीन, तुझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

कोचच्या बायकोचा एक नियम असतो. घराबाहेर नवऱ्याच्या विरुद्ध अक्षर बोलायचं नाही. नोरीनने तो एकोणीस वर्षं पाळला होता. तिने हॉटडॉग पावात ठेवला आणि म्हणाली, मोहरी हवी तर तिकडे आहे.

शनिवार-रविवार गावाला दुसरा विषय नव्हता. पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर मिठाच्या आणि मिरपुडीच्या डब्या मांडून लोकांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून बघितला, आणि कुठल्याही बाजूने खेळला तरी किकच येत होती. कुणी म्हणालं कोच घाबरला. कुणी म्हणालं त्याला पोरावर भरवसा नाही. कोंबड्या पाळणारी बर्नीस तर म्हणाली की माझ्या कोंबड्यांना विचारलं असतं तरी त्यांनी किक मारली असती. व्हर्न आपला एकच धरून बसला होता, वारा होता. आणि मग रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लॅडीने त्याला अडवून विचारलं, वारा कसला बाबा, झेंडा खांबाला चिकटलेला होता, तेव्हा व्हर्न इकडे-तिकडे बघत म्हणाला, "आणि पोराच्या पायात त्या दिवशी जोर नव्हता."

नोरीन शेजारीच उभी होती. तिने चटकन खाली पायऱ्यांकडे बघितलं. कारण वारा म्हणणं वेगळं, वाऱ्याला काही वाटत नाही. पण एझ्रा सतरा वर्षांचा होता, आणि चार पायऱ्या खाली आपल्या आईबरोबर उभा होता, आणि त्याने ते ऐकलं होतं.

गाडीत बसल्या बसल्या ती फाटकन म्हणाली, "त्याच्या पायाला काय झालं होतं?"

"नोरीन, सोड."

"आठवडाभर तू मला रोज सांगत होतास की पोरगं काय मारतंय म्हणून."

"सोड म्हटलं ना."

घरी येऊन तिने बटाटे इतक्या जोरात कुस्करले की त्यांची पार लापशी झाली. त्याने तीही खाल्ली. तिने तीनदा विषय काढला, तीनदा त्याने ताटाकडे बघितलं. एकोणीस वर्षांत हा माणूस चुकला होता, हरला होता, पंचांवर ओरडून मैदानाबाहेर गेला होता, पण खोटं बोलला नव्हता. आणि बोलला तर बोलला, तेही एका पोराच्या जिवावर. तिला झोपच येईना.

सोमवारी सकाळी ती शाळेच्या ऑफिसात होती, तिथलं कारकुनीचं काम तिचंच. एझ्रा रोज साडेसहाला तिच्याकडून सामानाच्या खोलीची चावी घ्यायचा, सगळे यायच्या आधी एकटाच पन्नास किका मारायचा, ऑगस्टपासून एक दिवस चुकला नव्हता. त्या दिवशी साडेसहाला आलाच नाही. आला तो घंटेला पाच मिनिटं असताना, आणि त्याने चेंडू टेकवायचा तो नारिंगी ठोकळा तिच्या टेबलावर ठेवला.

"हा शाळेचा आहे, मिसेस स्टेहलिक. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"दोन सामने उरलेत, एझ्रा."

"ज्याच्या पायात जोर आहे त्याला द्या," तो म्हणाला आणि वर्गावर गेला.

तिने तो ठोकळा हातात घेतला. एका बाजूने झिजून गुळगुळीत झाला होता. दुपारच्या सुट्टीत ती तडक घरी गेली. भांडायलाच गेली खरं तर, पण व्हर्न घरी नव्हता, खुंटीवर त्याचं शुक्रवारचं जॅकेट लटकत होतं. रागात हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने ते धुवायला काढलं आणि सवयीने खिसे तपासले. एक शिट्टी, एक च्युइंगगमचा कागद, आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड. सामन्यात तो त्यावर हिशेब करतो. शेवटच्या ओळीत पेन्सिलीने लिहिलेलं होतं: २८ आणि ३, ३१. उपयोग नाही. पंट.

तिने ते दोनदा वाचलं. तीन?

आता हे लक्षात घ्या, की गेल्या वर्षापर्यंत आपली शाळा आठ जणांचा संघ खेळायची, आणि त्यात किकचे तीन. यंदा पोरंच उरली नाहीत म्हणून सहाचा संघ केला, आणि सहाच्या खेळात किकचे चार. गावातले जुने लोक सहाला तयारच नव्हते. म्हणायचे, हा काय खेळ आहे, निम्मं मैदान रिकामं दिसतं. तेव्हा मार्च महिन्यात त्यांना कुणी समजावलं? व्हर्नने. शाळेच्या जेवणघरात फळ्यावर एकेक नियम लिहून. लॅडी सारखा विसरत होता तर त्याच्यासाठी चारचा आकडा मोठा काढून त्याभोवती गोल केला होता. आणि अख्ख्या हंगामात अशी किक मारायची वेळ पहिल्यांदा आली, चार मिनिटं राहिलेली, सगळे ओरडतायत, आणि त्या माणसाच्या डोक्यातून एकोणीस वर्षांचा जुना तीन बाहेर आला.

वारा नाही, पाय नाही. विसरला होता तो.

नोरीन खुर्चीत बसली. क्षणभर तिला त्याची दयाही आली, नाही असं नाही. मग तिला टेबलावरचा तो नारिंगी ठोकळा आठवला आणि दया पळाली.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात पाठीराखे मंडळाचं जेवण असतं, हे तुम्हाला माहितीच आहे. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड रोल, पडद्यावर सामन्याचं चित्रण, आणि मग कॉफीच्या रिकाम्या डब्यात लोकांनी टाकलेल्या चिठ्ठ्या. नावं लिहायची नाहीत, कोचने उत्तर द्यायचं, आणि चिठ्ठ्या वाचायच्या नोरीनने, कारण गावातल्या प्रत्येकाचं अक्षर तिला ओळखता येत असूनही ती कधी सांगत नाही. त्या दिवशी डबा काठोकाठ भरला होता. पोरांनाही बोलावतात, तीही भिंतीकडेच्या टेबलावर बसली होती. एझ्रा आला होता, आईने ओढून आणला होता, आणि चिलीला हात लावत नव्हता.

पडद्यावर तो प्रसंग आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, झेंडा बघा. सगळ्यांनी झेंडा बघितला. लोंबत होता.

नोरीन चिठ्ठ्या वाचायला लागली. पंट का? पंट का केली? कोच, पंट म्हणजे काय ते आम्हाला पुन्हा फळ्यावर शिकवा. ही लॅडीची. लोक हसले. व्हर्न उभा होता, मान लाल झालेली, आणि प्रत्येक चिठ्ठीला तेच म्हणत होता, त्या वेळी मला योग्य वाटलं. मग एका चिठ्ठीत होतं: पोकोर्नीच्या पोराला जमलं नसतं, हे खरं का?

नोरीनने ती मोठ्याने वाचली. मग जॅकेटातलं कार्ड काढलं आणि त्याच्यासमोर, कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं. उलटं नाही, सुलटं.

त्याने ते बघितलं. तिच्याकडे बघितलं. ती तिथेच उभी राहिली, पुढची चिठ्ठी काढलीच नाही. तिने मनात ठरवलं होतं, वीसपर्यंत मोजायचं, आणि तो बोलला नाही तर आपण बोलायचं, मग एकोणीस वर्षांचा नियम गेला खड्ड्यात. चौदापर्यंत आली होती.

"मी तीन धरले," व्हर्न म्हणाला.

कुणाला कळलं नाही. लॅडी म्हणाला, काय धरलंस?

"किकचे. तीन धरले मी. चार असतात ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन मिळाले तरी हरतोच आहोत, मग त्यांना मागे ढकलून चेंडू परत मिळवू, असं वाटलं." त्याने खुर्चीची पाठ धरली. "वारा नव्हता. आणि एझ्राच्या पायाला काही झालेलं नव्हतं. ते मी खोटं बोललो. एझ्रा, तू ती किक मारली असतीस."

बर्नीसच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं. लॅडीने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली, आणि पुटपुटला की माझ्यासाठी गोल काढून दिला होतास ना रे तू.

एझ्रा उठून उभा राहिला. हात खिशात. "मी तेव्हाच सांगायला आलो होतो, कोच. तुमची बाही ओढली. म्हटलं, चार आहेत, बरोबरी होते. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

"म्हणालो," व्हर्न म्हणाला.

"मग काल चर्चमध्ये ते कशाला बोललात?"

एझ्रा उत्तरासाठी थांबला नाही. तो वळला आणि नोरीनपाशी आला.

"मिसेस स्टेहलिक, तो ठोकळा दिला का कुणाला?"

"माझ्या टेबलावरच आहे."

"उद्या साडेसहाला चावी मिळेल?"

"मिळेल," नोरीन म्हणाली. आणि नवऱ्याकडे न बघताच पुढे म्हणाली, "आणि किका मारून झाल्या की चेंडू गोळा करायला हा येईल. हंगाम संपेपर्यंत."

मागून लॅडी म्हणाला, पन्नासच्या पन्नास आणतो का बघा हं, मोजण्यात कच्चा आहे तो. सगळे हसले, एझ्रा सोडून. व्हर्नने मान हलवली, कार्ड उचललं आणि खिशात ठेवलं, आणि नोरीनने डब्यातली पुढची चिठ्ठी काढली.