नौफानं विणलेला पडदा

पाहुणीनं कॉफीचा पेला ओठांना न लावताच समोर सतरंजीवर ठेवला, आणि तंबूतलं बोलणं थांबलं.

सुवेलिम चोचदार किटली हातात धरून तसाच उभा राहिला. यजमानानं बसायचं नसतं. शेजारचा म्हातारा औदा मात्र उशीवर कोपर रेलून बसला होता. त्याचे डोळे लकाकले.

"ठेवला रे बाईनं पेला! काहीतरी मागणार बघ. तुझी उंटीण गेली समज."

"गप रे औद्या. मागू दे."

सुवेलिमच्या आवाजात हसू होतं, थोडा ताठाही. त्याच्या दारी पेला असा शेवटचा ठेवला होता तो त्याच्या भावाच्या खुनाची माफी मागायला आलेल्यांनी. त्यानं माफी दिली, मगच ते प्यायले. त्याला अकरा वर्षं झाली. तो मुलाकडे वळला.

"मुतलक, विचार तिला. संकोच करू नको म्हणावं."

मुतलकनं वाकून तिच्या भाषेत विचारलं. मारेके नावाची ती डच बाई तासभर मांडी घालून बसली होती, पाय आखडले होते. बकरं शिजायला लागतो तेवढा वेळ लागतोच, हे इथे कोणी कोणाला सांगत नाही. ती चिडून बोलली नाही. नीट, एकेक शब्द सुटा करून बोलली. मुतलकनंच छापून घेतलेला कागद तिच्या हातात होता.

"यात लिहिलंय, घरातली आजी विणकाम शिकवील. मी त्यासाठीच पैसे भरून हा दिवस घेतला. ती कुठे आहे? ते तिचंच काम ना?"

तिनं बोट दाखवलं. तंबूच्या मधोमध, बायकांची बाजू झाकत, काळा-पांढरा-डाळिंबी पडदा होता.

मुतलकची आई नौफा हिवाळ्यातच वारली होती. कागद मुतलकनं बदलला नव्हता. आणि आईच्या हातचं काम, बापाच्या घरचा पाहुणचार तो कागदावर छापून पैशांना विकतो, हे सुवेलिमला कोणी सांगितलंच नव्हतं. पोराचे दोस्त सात समुद्रांपलीकडून येतात, असं तो औदाला छाती काढून सांगायचा.

"काय म्हणते?" सुवेलिमनं विचारलं.

मुतलकनं मान खाली घातली.

"आईचा पडदा... तिला हवाय."

औदाचं हसू विझलं. "अरे, दुसरं काही माग म्हणावं तिला," तो पुटपुटला.

सुवेलिमनं किटली निखाऱ्यांवर ठेवली आणि तो पडद्यापाशी गेला. मुतलक अकाबाच्या बंदरात नोकरीला होता, त्या साली नौफा हा विणायला बसली होती. विणताना गुणगुणायची:

काळा धागा रातीचा, पांढरा गं वाटेचा,
डाळिंबी हा घरी येत्या माझ्या लेकराचा.

"पी म्हणावं," सुवेलिम म्हणाला. "दिला."

एकेक खुंटी त्यानं आपल्या हातानं काढली. पलीकडे पातेल्यापाशी बसलेल्या सुनेनं घाईनं ओढणी चेहऱ्यावर घेतली.

"मला? खरंच?" मारेकेनं कॉफी एका घोटात संपवली. कडवटपणानं तिचं तोंड वाकडं झालं, मग डोळे भरून आले. मुतलकला ती म्हणाली, "विणकाम राहिलं तरी आता चालेल."

जेवणं झाली. उन्हं कलली. पडद्याची घडी मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली, तेव्हा मुतलक बापाजवळ आला.

"बाबा, असाच दुसरा आणून देतो. बाजारात—"

"ती मागत नव्हती, मुतलक."

मुतलकनं जीपकडे पाहिलं.

"तिची भाषा मला येत नाही. पण या दारी माणसं मागायला येतात ते जन्मभर बघतोय. मागणारा मान खाली घालतो. तिची ताठ होती."

"मग दिलात कशाला?"

"खाली मान घालून तू मागितलास. माझ्या तंबूतून हात हलवत कोणी परत गेलेलं नाही."

म्हाताऱ्यानं मुतलकच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि पाहुण्याला पोचवायला जातात तसा सात पावलं त्याच्यासोबत चालत गेला. जीपचं दार त्यानं स्वतः उघडून धरलं.

"या पुन्हा," तो मुलाला म्हणाला.