टकली नवरी आणि तुर्की सरबत

बाल्कनीचं दार उघडलं आणि मी किंचाळलेच. कुंडीत तुळस नव्हती, नुसत्या काड्या! वेंगुर्ल्याहून जिवापाड जपून आणलेली माझी काळी तुळस. त्याच संध्याकाळी तिचं लग्न होतं, आणि नवरीला कुणीतरी टक्कल करून गेलं होतं.

कुणीतरी कसलं, आमच्या ह्यांनीच! शारजाच्या तिसऱ्या मजल्यावर दुसरं कोण येणार?

हे, म्हणजे सूर्यकांत, एका तुर्की हॉटेलात सरबतं करणाऱ्या नेजमी उस्ताच्या हाताखाली होते. उस्ता म्हणजे तुर्कीत उस्ताद. गुलाबाचं, चिंचेचं, डाळिंबाचं. लवंग-दालचिनी घालून उकळायचं, गाळायचं, बर्फात ठेवायचं. दोन हजार एकचा रमजान चालू होता. म्हातारा उस्ता ईदनंतर कायमचा गावी चालला होता. मालक त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. त्या दिवशीच्या इफ्तारचं सरबत उस्ताला पसंत पडलं तर त्याची जागा ह्यांना, नाहीतर बाहेरून माणूस येणार. जागा मिळाली नाही तर ह्यांचा पगार फॅमिली व्हिसाच्या नव्या अटीला पुरणार नव्हता, आणि पुढच्या महिन्यात रिन्यूअल. म्हणजे मी आणि तुळस, दोघी वेंगुर्ल्याला परत.

उस्ताने नेमकं रेहानचं सरबत सांगितलेलं. रेहान म्हणजे त्यांच्याकडची जांभळी, वासाची पानं. गरम पाण्यात भिजवून लिंबू पिळलं की सरबत लालचुटूक होतं. पण आलेली जुडी सडली, असं हे सकाळी चहा पिताना म्हणाले, आणि बाल्कनीकडे टक लावून बघत बसले. मला वाटलं, तुळशीला नमस्कार चाललाय!

मी गिऱ्हाइकांना जेवणाचे डबे करून द्यायचे. डब्यांची पिशवी उचलली आणि तणतणत निघाले, वाटेत डबे पोचवून हॉटेलच्या मागच्या दाराने आत शिरले.

"अहो, द्वादशीला कुणी तुळस तोडतं? तीही लग्नाच्या दिवशी?"

"सुजाता, हळू गं," हे रडकुंडीला आले होते. "पाच लिंबं पिळली. लाल होतच नाहीये."

मी पातेल्यात बघितलं. काढा! सर्दीला देतात तसला, शेवाळी रंगाचा. मला हसू आवरेना. पण मगरिबच्या, म्हणजे रोजा सुटायच्या, अजानला वीसच मिनिटं राहिली होती.

"सरका तिकडे."

पिशवीत आगळाची बाटली उरली होती, सोलकढीसाठी नेते ती, कोकमाचा खारवलेला रस. घळाघळा ओतली. साखर वाढवली, बर्फ टाकला. पातेलं लालभडक झालं.

"अगं, त्यात मीठ आहे!"

"असू दे. दिवसभर पाणी न प्यालेल्या माणसाला मीठ लागतंच."

अजान झाली. नेजमी उस्ताने खजूर खाल्ला, ग्लास उचलला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग डोळे मिटून बसला.

"ये रेहान नहीं," तो म्हणाला. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "किसने बनाया?"

'मैंने' म्हणा, 'मैंने' म्हणा, मी डोळ्यांनी सांगत होते. एका शब्दाचं काम होतं! पण ह्या माणसाला खोटं बोलणं जन्मात जमलं नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इसने. मेरा तो काढा बना था."

असा राग आला मला! आणि त्याच क्षणी त्यांच्याविषयी इतकं प्रेम दाटून आलं की डोळे भरून आले. आता गावी जाऊन बसायचं, ह्यांच्याशिवाय, एवढंच कळत होतं.

उस्ताने ग्लास संपवला, पुन्हा पुढे केला. "भाभी, कल से तुम. कंपनी का वीजा, तुम्हारे नाम का." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुम हेल्पर. जैसा था वैसा. खलास."

लग्न जरा उशिराच लागलं. टकल्या नवरीला मी माझ्या हिरव्या ओढणीत गुंडाळलं, समोर पितळेचा बाळकृष्ण ठेवला. अंतरपाटाचं एक टोक रेलिंगला बांधलेलं, दुसरं ह्यांच्या हातात.

"उद्या नऊला," मी म्हटलं. "उस्ताद यायच्या आधी ग्लास विसळलेले पाहिजेत."

"कोण उस्ताद?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"बरं बाई," हे म्हणाले. "पण रेहान नाहीच आला तर?"

"अहो, कुंडीकडे बघू नका. मंगलाष्टकं म्हणा."

हे मुकाट्याने म्हणायला लागले.