चार कॅसेटची बाही

वजनमापे खात्यात निरीक्षक असलेल्या माझ्या बाबांनी एका मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चार इंचांचं खोटं माप दिलं आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारला.

असं काही घडलेलं नाही. आमच्या घरात त्या आठवड्यात सोमवारनंतर थेट बुधवार आला, यावर आई, बाबा आणि मी असं तिघांचंही एकमत आहे. एरवी आमचं एकमत पंखा किती वर ठेवायचा यावरही होत नाही. तेव्हा पुढची हकीकत न झालेल्या दिवसाची आहे एवढं लक्षात ठेवावं, आणि बाबा समोर बसले असतील तर वाचू नये.

माझी आई स्वेटर विणते. हे वाक्य ऐकून लोक 'वा, छान' म्हणतात, कारण त्यांना अजून स्वेटर मिळालेला नसतो. आमच्या नात्यातल्या प्रत्येकाला मिळालेला आहे. नातेवाईक आमच्याकडे यायचे असले की जिन्यात पिशवीतून आईचा स्वेटर काढून अंगात घालतात आणि जाताना त्याच जिन्यात काढतात. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तिथे एक खुंटी ठोकून दिली आहे.

आईला हे माहीत आहे. म्हणून तिची एकच इच्छा होती. "एकदा तरी," ती म्हणायची, "माझा स्वेटर अनोळखी माणसाच्या अंगावर बघायचाय. ज्याला मला घाबरायचं काही कारण नाही असा."

त्यासाठी हस्तकला मंडळाच्या बाजारात जागा हवी, आणि जागेसाठी मंडळाचं प्रमाणपत्र हवं. आईने तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा तो परत आला होता, कारण अर्जात एक रकाना होता: 'बाहीच्या ओळींची संख्या'. आईने तिन्ही वेळा तिथे लिहिलं होतं, 'चार कॅसेट'.

ती ओळी मोजत नाही. तिच्याकडे टेपरेकॉर्डर आहे आणि त्यात कायम एकच कॅसेट असते, एका गायिकेची, तिच्या लग्नाआधीपासूनची. कॅसेट दोन्ही बाजूंनी चार वेळा वाजली की बाही होते. नऊ वेळा वाजली की पाठ. शेवटच्या बाजूचं शेवटचं गाणं तिचं सगळ्यात आवडतं. त्या गाण्यात ती टाके बंद करायला घेते आणि गाणं संपताना लोकर तोडते. हात तालावर चालतात असं मात्र नाही. तालावर काम करणं हे तिच्या मते रिकामटेकड्यांचं लक्षण आहे. हात आपल्या चालीने चालतात, ती फक्त कॅसेट संपायची वाट बघते.

"अगं, पण टेप लावून मोज ना एकदा," बाबा म्हणायचे. त्यांचा टेप पोलादी आहे, खात्याचा आहे आणि दरवर्षी तपासला जातो.

"तुमचा टेप गातो का?" आई विचारायची. विषय संपायचा.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांनी अर्ध्या ग्रॅमसाठी आमच्या भाजीवाल्याचा काटा जप्त केला होता, त्यानंतर तीन महिने आम्ही पलीकडच्या गल्लीतून भाजी आणली. स्वयंपाकघरातल्या काट्याची ते दरवर्षी तपासणी करतात आणि आईकडून पोचपावती घेतात. काट्यात हळूहळू पडणारी तूट ओळखणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आणि याच माणसाला अकरा वर्षांत घरातली एक गोष्ट लक्षात आली नाही.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल होत चालला होता. पट्टा सैल म्हणजे कॅसेट हळू, कॅसेट हळू म्हणजे ती संपायला वेळ जास्त, आणि वेळ जास्त म्हणजे बाही लांब. जुन्या फोटोंत सगळ्यांचे स्वेटर मनगटावर संपतात. अलीकडच्या फोटोंत कुणालाच बोटं नाहीत. बाबा बाह्या दुमडून घालत होते आणि 'वयानुसार माणूस आटतो' असं म्हणत होते. माझी आत्या तर दरवर्षी नवा स्वेटर अंगात घालून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची.

"बघ वहिनी, आणखी मोठा झाला. मी साखर सोडली ना, त्याचा परिणाम."

"दिसतंयच, वन्सं," आई म्हणायची आणि तिला चहात दोन चमचे घालून द्यायची.

गायिकेचंही तसंच. तिचा आवाज इतक्या सावकाश खाली उतरला की ती कधी गायक झाली ते आम्हाला कळलंच नाही. मी कॉलेजात असताना शपथेवर सांगितलं असतं की आईच्या कॅसेटमध्ये एक दुःखी, जाडजूड गृहस्थ गातात.

चौथ्या अर्जाच्या वेळी मंडळाने नमतं घेतलं. ओळींची संख्या नको, त्याऐवजी एक पूर्ण स्वेटर नमुना म्हणून द्या. परीक्षक तुमच्या घरी येतील, त्यांच्यादेखत तशीच आणखी एक बाही विणा. दोन्ही बाह्या एका मापाच्या भरल्या तर प्रमाणपत्र, नाही तर पुन्हा अर्ज करता येणार नाही.

आईने नमुना दिला. मग आदल्या दिवशी माझ्या अंगात सेवाभाव आला. मी घरून काम करते, म्हणजे घरची कामं करते आणि मधूनमधून ऑफिसचीही, त्यामुळे असे झटके मला येतात. परीक्षकांसमोर टेपरेकॉर्डर रेकत चालला तर बरं दिसणार नाही म्हणून मी तो रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांनी आतून पट्टा काढून माझ्यासमोर धरला. तो उकडलेल्या शेवईसारखा लोंबत होता.

"हा इतकी वर्षं चालत होता?"

"चालत होता."

"चालत नव्हता हो, रांगत होता," काका म्हणाले आणि त्यांनी नवा पट्टा बसवला.

मी कुणाला काही बोलले नाही. आईला सुखद धक्का द्यायचा होता. त्यातला धक्का तेवढा बसला.

मंगळवारी दहाच्या ठोक्याला परीक्षक बाई आल्या. मंडळात त्या टोपल्यांचं काम बघायच्या, वेताने बोटं खरखरीत झालेली, चष्मा दोरीने गळ्यात. नमुना त्यांनी बरोबर आणला होता. बाबांनी खास रजा घेतली होती आणि ऑफिसला जायचेच कपडे घातले होते. आईने टाके घातले आणि टेप सुरू केला.

एक तरुण मुलगी गायला लागली.

आईने सुया थांबवल्या. "ही कोण बया?"

"तीच आहे," मी म्हटलं. "पट्टा बदलून आणला काल."

आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिचा चेहरा असा झाला, की जणू माहेरचं कुणी न कळवता दारात उभं आहे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "ही अशीच गायची की." आणि तिने विणायला घेतलं.

परीक्षक बाई खुर्चीत रेलल्या. "आवाज गोड आहे हो," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या कॅसेटला त्यांना डुलकी लागली. तिसऱ्या कॅसेटला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुणेने आईला बाही दाखवायला सांगितलं. तिने खुणेनेच मला चहा ठेवायला सांगितलं. मी स्वयंपाकघरातून पुन्हा खुणा केल्या, तर बाबांनी मला डोळे वटारून गप्प केलं. परीक्षा चालू असताना खाणाखुणा त्यांना चालत नाहीत.

चौथी कॅसेट शेवटच्या गाण्याला आली. आईने टाके बंद केले, सूर थांबला तशी लोकर तोडली. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

परीक्षक बाई दचकून जाग्या झाल्या आणि पर्स चाचपू लागल्या. "टेप घरीच राहिला बहुतेक. तुमच्याकडे मोजायला काही आहे का?"

हा प्रश्न बाबांना इतक्या वर्षांत घरात कुणी विचारला नव्हता. ते आत गेले आणि टेप, शिक्का, शाईची गादी आणि टेपच्या तपासणीचं प्रमाणपत्र असं सगळं ट्रेमध्ये घेऊन आले.

नमुन्याची बाही त्यांनी टेबलावर सरळ केली. "चोवीस," ते म्हणाले. बाईंनी लिहिलं.

मग नवी बाही. टेप टोकापर्यंत गेला आणि वीसवर थांबला. बाबांनी बाही हाताने सारखी केली. पुन्हा मोजली. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. ती मी फक्त बनावट वजनं सापडल्यावर झालेली पाहिली होती.

आई सुया कापडात गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही.

"किती भरली हो?"

टेपवर वीस स्वच्छ दिसत होतं. वीसचा आकडा त्या टेपवर लाल आहे. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आईच्या खाली घातलेल्या मानेकडे.

"चोवीस," ते म्हणाले.

टेबलावर दोन बाह्या शेजारीशेजारी पडल्या होत्या. एक दुसरीची धाकटी बहीण दिसत होती. परीक्षक बाईंनी चष्मा लावला, बाह्यांकडे पाहिलं, चष्मा काढला.

"साहेब, चोवीस ना?"

"चोवीस."

"मग इथे शिक्का मारा. मंडळाला शिक्का लागतो. माझे डोळे चालत नाहीत त्यांना."

बाबांनी शिक्का मारला. तो नेहमीसारखा स्पष्ट उमटला, याचं त्यांना फार वाईट वाटलं असावं. बाईंनी चहा घेतला, नमुना आणि कागद पिशवीत घातले आणि दारात आईला म्हणाल्या, "नशीबवान आहात. माझे मिस्टर माझी टोपली सुद्धा वाकडी आहे म्हणायचे."

त्या गेल्यावर बाबा टेप गुंडाळत बसले. तो बटण दाबलं की आपोआप गुंडाळला जातो, तरी ते हाताने गुंडाळत होते. संध्याकाळी आईला मी स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, ती बाही वीस होती."

"मला काय कळत नाही? हाताला चार इंच कमी लागतात ते कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या वर्षांत त्या माणसाने कधी कुणाला अर्धा इंच सोडला नाही," आई म्हणाली. "मला चार सोडले. मी काय परत करू?"

आठवड्याने बाजारात जागा मिळाली. मंडळाने परत दिलेला नमुना आईने दर्शनी लावला. पहिल्याच दिवशी एक उंच, लांबलचक हातांचा माणूस आला. त्याने स्वेटर अंगात घातला, बाह्या बरोबर मनगटावर आल्या. तो म्हणाला, त्याला जन्मात कधी पुरेशी बाही मिळाली नव्हती. तो अंगात घालूनच निघाला. आई मला जागेवर बसवून त्याच्यामागून दोन चौक चालत गेली. तो एकदा वळून बघायला लागला तेव्हा ती एका दुकानाच्या फळीआड उभी राहिली. परत आली तेव्हा दम लागला होता.

"काढला नाही गं त्याने," ती म्हणाली.

आत्याला नव्या पट्ट्यावरचा पहिला स्वेटर मिळाला. त्याच्या बाह्या तिच्या मनगटावरच संपल्या आणि तिने पुन्हा साखर सोडली. घरात असं सगळं सुरळीत झालं, बाबा सोडून. त्यांना जेवण जाईना. त्यांनी ऑफिसात दोन दिवस एकही काटा पकडला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःला कारणे दाखवा नोटीस काढली, स्वतःच घेतली आणि मुदतीत खुलासा सादर केला. खुलासा त्यांना समाधानकारक वाटला नाही. खोट्या मापाला नियमात एकच वाट आहे, ती म्हणजे माप खोटं नव्हतं, एकक वेगळं होतं. दोन्ही बाह्या चार-चार कॅसेट भरल्या होत्या, यात कुणी तसूभर चूक काढून दाखवावी. फक्त हे एकक खात्याच्या यादीत नव्हतं.

काल त्यांनी अर्ज टाइप केला. असे अर्ज आमच्या विभागात ज्या निरीक्षकाच्या टेबलावर जातात तो निरीक्षक कोण, हे त्यांना माहीत आहे, आणि तो निरीक्षक असल्या अर्जाचं काय करतो हेही. तरी त्यांनी तो आवक विभागात रीतसर दिला. प्रत माझ्यासमोर आहे:

"...सबब, 'कॅसेट' हे लांबीचे एकक म्हणून मान्य करून इंचांच्या शेजारी त्याची नोंद घ्यावी; पट्टा सैल अथवा घट्ट असल्याने पडणारा फरक अनुज्ञेय तूट समजावी; सदर एककाचा मूळ नमुना म्हणून अर्जदाराची पत्नी ग्राह्य धरावी; मूळ नमुना स्थिर तापमानात, कुलूपबंद कपाटात, हस्तस्पर्श टाळून जतन करण्याच्या अटीतून त्यास सूट मिळावी, कारण नमुन्याने त्यास स्पष्ट नकार दिला आहे; आणि ही मान्यता पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून त्याप्रमाणे अर्जदारास लेखी कळवावे, ही नम्र विनंती."