माझ्या तोंडात बूच

मी नळी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. बागेतली नाही की गॅसची नाही. एका जुन्या टर्बो गाडीच्या इंजिनाला मागून चिकटलेली, हातभर लांबीची, काळी रबरी नळी. गॅरेजवाले मला ब्रीदर म्हणतात. घरचे काहीच म्हणत नसत, कारण मी आहे हेच त्यांना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

माझं काम सोपं आहे. इंजिन धावायला लागलं की त्याच्या पोटात वाफ, धूर, गॅस असं काय काय साठतं. ते माझ्या वाटे बाहेर पडतं. माझं एक तोंड इंजिनात आणि दुसरं खाली जमिनीकडे उघडं. त्या उघड्या तोंडातून कधीमधी तेलाचा एखादा थेंब ओघळतो. आता पोटभर जेवायचं आणि ढेकर मात्र द्यायची नाही, हे कुणाला जमलंय का?

कारखान्यात आम्ही तिघं एकाच रबराची भावंडं. थोरला टर्बोच्या हवेचा पाइप झाला, चांगला जाडजूड. आपल्यावाचून गाडीला जोर नाही हे तो उठताबसता ऐकवायचा. मधली पाण्याची नळी, तापट डोक्याची. मी शेंडेफळ. लोक बॉनेट उघडून टर्बोच्या शिट्टीचं कौतुक करायचे आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू.

पहिली मालकीण दातांची डॉक्टर. तिने कधी म्हणून बॉनेट उघडलं नाही. दिवसभर लोकांची तोंडं उघडूनच ती दमत असावी. तिच्याकडून आम्ही आलो एका प्लंबरकडे. गाडी तेव्हाच उताराला लागलेली, पण त्याच्या स्वतःच्या कमाईची पहिलीच. लेक झाली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी याच गाडीतून आणलं. त्या दिवशी त्याने ती इतकी हळू हाकली की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. पुढे लेक शिकायला परगावी गेली. घरात बोलायला कुणी नसलं की हा गाडीत येऊन बसायचा आणि स्टिअरिंगशी गप्पा मारायचा. आम्ही सगळं ऐकायचो.

माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. उघड्या तोंडाचा पाइप त्याला बघवत नाही. कुणाकडे चहाला गेला तरी कप हातात आणि डोळे बेसिनखाली. बायको म्हणायची, लग्नाला गेले तरी हे नवरानवरीला बघण्याआधी मोरी बघून येतात.

तर एकदा गाडी धुताना त्याला माझं उघडं तोंड दिसलं, आणि तोंडाशी तेलाचा थेंब. झालं! इथे बूच बसवायचं कारखानावाले विसरलेच की, असं पुटपुटत त्याने हत्यारांच्या पिशवीतून एक बूच काढलं. त्यावर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली, तिचं टोक नेहमीच्या सवयीने दुमडून अंगठ्याने दाबलं आणि बूच माझ्या तोंडात कोंबलं. वर मला थोपटलंही. मी काय बोलणार, कपाळ? तोंडातच बूच होतं.

आता तुम्हीच सांगा, इंजिनाच्या पोटातली वाफ जाणार कुठे? ती वाट फुटेल तिकडून निघाली आणि जाताना तेलाला सोबत घेऊन गेली. आधी इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून तेल पाझरलं. त्याने तिथलं पॅकिंग बदललं. मग पुढच्या रबरी सीलमधून आलं. ते बदललं तर मागच्या सीलमधून. तेल मोजायची पट्टी आपोआप वर उडायला लागली. टर्बोतलं तेल धड खाली उतरेना. ते हवेच्या पाइपात शिरलं आणि गाडी मागून निळा धूर सोडू लागली. थोरल्याची ऐट पार तेलकट झाली. मी गुदमरत होते, तरी त्याही हालात मला हसू फुटलं.

गाडी गॅरेजात न्यावी तर अब्रू जाते. साऱ्या गल्लीची गळती काढणारा माणूस, आणि त्याच्याच दारात तेलाचं थारोळं? शेजारचे येताजाता विचारायचे, काय, आज कुठून गळतंय? तो सुट्टीच्या दिवशी गाडीखाली आडवा होऊन एकेक सील बदलत राहिला. त्याचं नाक माझ्यापासून वीतभर अंतरावर असायचं. पण मला बूच लावलेलं होतं ना. बंद केलेल्या पाइपाकडे तो कशाला बघेल?

शेवटी ठिणगी पडली ती ट्रेवरून. त्याची बायको घरून केक करून विकते. तिचा केक भाजायचा सगळ्यात मोठा ट्रे हरवला, तो सापडला गाडीखाली, काळ्या तेलाने काठोकाठ भरलेला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे भंगारवाल्याला फोन लावला आणि नवऱ्याला सांगितलं की रविवारी सकाळी तो येतोय; तोवर गळती थांबली तर गाडी राहील, खाली एक जरी थेंब दिसला तरी जाईल. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. गाडी भंगारात म्हणजे मीही भंगारात.

त्याने उरलेली सगळी सीलं नवी घातली. रविवारी भंगारवाला वेळेवर आला आणि टेंपोला टेकून उभा राहिला. गाडीखाली केकच्या खोक्यांचे पांढरे पुठ्ठे अंथरले गेले. बायको स्टिअरिंगवर बसली, हा खाली झोपला. इंजिन सुरू झालं. जरा वेळ पुठ्ठा कोरडा होता. मग पडला एक थेंब टपकन. त्याने घाईघाईने शर्टाच्या बाहीने तो पुसला आणि ओरडून सांगितलं, जरा रेस कर, कुठून येतंय बघू दे.

बायकोला ट्रे आठवला असावा. तिने ॲक्सिलरेटरवर असा काही पाय दिला की टर्बो किंचाळला. इंजिनाच्या पोटात वाफेची रेटारेटी सुटली. टेप तेलाने बुळबुळीत झालीच होती. मी सगळा जीव एकवटून जोर केला आणि फट्! बूच सुटलं ते थेट त्याच्या नाकावर. काय सांगू, किती दिवसांनी श्वास सोडला मी! त्याच्या सगळ्या तोंडावर सोडला, आणि मला जराही लाज वाटली नाही.

त्याने बूच उचललं. टेपचं दुमडलेलं टोक पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा नीट. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. बूच त्याने गुपचूप खिशात टाकलं आणि बाहेर येऊन म्हणाला, थांबली गळती. थांबली होतीच, नवी सीलं बिचारी चांगलीच होती. पण 'थांबली' हे बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं की तिने मान वळवून भंगारवाल्याला दोर बांधायला सांगितलं.

दोर बंपरला लागला, तसा हा मध्ये जाऊन उभा राहिला. खिशातून बूच काढून त्याने तिच्यापुढे धरलं.

"गाडीत काही खोट नव्हती. ही तिची श्वासाची नळी आहे आणि हे बूच मीच लावलं होतं. सगळी गळती माझ्यामुळे झाली." मग तो खाली बघून म्हणाला, "हिला नको पाठवूस गं. मला करमायचं नाही."

आधी भंगारवाला हसला. बायकोने बूच हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. राग धरून ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण ओठ ऐकेनात. ती पायरीवर बसली आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. मग उठून तिने तो तेलकट ट्रे आणला आणि भंगारवाल्याच्या हातात ठेवला.

"एवढाच न्या, भाऊ," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी स्वतःची चूक आज पहिल्यांदा कबूल केली. त्याला साक्षीला ही एवढी गाडीच आहे. तिला कशी घालवू?"

आता माझ्या टोकाखाली एक बाटली टांगलीय. त्यात जमलेलं तेल तो दर रविवारी न विसरता ओतून टाकतो, आणि बाटलीच्या झाकणाला भोक आहे ना, हे बायको पाहून घेते. मी मात्र थकलेय. रबराला चिरा पडल्यात, पुढच्या वेळी मलाच बदलतील. खुशाल बदला, माझी ना नाही. फक्त माझ्या जागी नवी येईल तिला कोंडू नका. आणि हो, ती आली की एकदा वाकून तिच्याकडे बघा. मला तेवढंच हवं होतं.