रोडग्याचा आळ

अर्जुनराव माझा लंगोटीयार. सोनाळ्यात आमच्या संत्र्याच्या बागा बांधाला बांध लागून आहेत. माझी बायको गीताबाई गेली त्याला सहा वर्षं झाली, पोरगी सासरी नांदते. तेव्हापासून दिवसभरात मी ज्याच्याशी चार शब्द बोलावेत असा हा एकच माणूस उरला होता. बाकी गावाचं माझ्याशी पटत नाही, माझं गावाशी पटत नाही, आणि त्यात कोणाचं फारसं बिघडलं असं मला वाटत नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात अर्जुनाच्या छातीत कळ उठली. नागपूरला नेलं. हृदयाची एक नळी अरुंद झाली होती. डॉक्टरांनी ती आतून फुग्यानं फुगवली आणि पुन्हा मिटू नये म्हणून तिथं तारेची बारीक जाळी बसवली. तिला स्टेंट म्हणतात. तो चालत घरी आला तेव्हा मी म्हणालो, जिवावरचं बोटावर निभावलं.

मग मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. त्या दिवशी आमच्याकडे शेतात रोडगे करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. चातुर्मासात वांगं वर्ज्य, त्यामुळे माणूस त्या दिवशी तुटून पडतो. मी एकटाच बागेत भाजत बसलो होतो, तेवढ्यात अर्जुन बांध ओलांडून आला. चार महिने उकडलेलं खाऊन त्याचं तोंड विटलं होतं. मी नको म्हणालो. खोटं कशाला सांगू, दोनदाच म्हणालो. तिसऱ्यांदा मीच वाढलं. दीड रोडगा खाल्ला त्यानं, आणि बोटं चाटत असा हसला की मलाच बरं वाटलं.

पौषात त्याला परत कळ आली. नागपुरात पाहिलं तर जाळी होती तिथंच, जाळीच्या आत, नळी पुन्हा अरुंद झालेली. पुन्हा फुगा घातला. तो घरी आल्याचं मला पाच-सहा दिवसांनी कळलं, तसा मी भेटायला गेलो. त्याची बायको मंजुळाबाई दारातच उभी राहिली. रोडग्याचं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"तुमच्या तुपानं नळी बुजली, भाऊ," ती म्हणाली. "आता तुम्ही आमच्या घरी येत नका जाऊ."

चुगली कोणी केली म्हणून गावातल्या चार जणांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण खरी भीती वेगळी होती. बाई बरोबर असली तर? दोन महिने मला घास गोड लागला नाही. बागेत गेलो की बांधापलीकडे पाहायचो. अर्जुन दिसत नसे. दिवस दिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडत नव्हता. बैलाला हाक मारली तेव्हा तो घोगरा झाल्याचं कळलं.

फाल्गुनात मी शेगावहून गाडी धरली आणि त्याच डॉक्टरकडे गेलो. माझ्याच नावाचा कागद काढला, कारण त्याशिवाय आत सोडत नव्हते. पोरगेला डॉक्टर नळी कानाला लावून छाती तपासू लागला.

"छातीत काही नाही साहेब," मी म्हणालो. "माह्या डोक्यात हाय."

मग सगळं सांगितलं. तो हसला नाही, याचे उपकार. म्हणाला, बाबा, एका दिवसाच्या तुपानं असं होत नाही. फुगा फुगवला, जाळी दाबून बसवली, तेव्हा नळीला आतून जखम होते. शरीर ती जखम भरून काढायला लागतं. काहींच्या बाबतीत ते गरजेपेक्षा जास्त भरतं, जाळीच्या तारांमधून मांस आत वाढतं आणि वाट पुन्हा अरुंद होते. चार-पाच जणांत एखाद्याला होतंच, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. साखरेचा आजार असला तर जास्त. यात कोणाचा दोष नाही.

मला लगेच समजलं. जंबेरी या रानटी लिंबाच्या रोपावर आम्ही कलमासाठी संत्र्याचा डोळा बांधतो. बांधलेली पट्टी वेळेवर सोडली नाही तर साल तिच्यावरून वाढते आणि तिला गिळून टाकते. झाड काही वैर करत नाही, आपली जखम भरतं. परतीच्या गाडीत मी पोटभर शेंगदाणे खाल्ले. कित्येक दिवसांनी भूक लागली होती. आता वहिनींना सांगायचं आणि उद्यापासून पुन्हा त्यांच्या ओसरीवर बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मंजुळाबाई देवळात गेलेली होती. अर्जुन अंगणात बाजेवर पडला होता. खूप उतरला होता. मी बसायच्या आधीच सगळं ओकलो. तो ऐकत राहिला आणि त्याला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं."

"मंग वयनीले काऊन नाही सांगतलं?"

"तिच्यासमोरच सांगतलं त्यानं. रोडग्याचं मीच सांगतलं तिले, पुंजाजी, घरी आल्यावर."

मला राग आला. उठून चालायला लागलो असतो, पण त्यानं माझं मनगट धरलं आणि हळूहळू बोलत गेला. त्याच्या घरी घट बसतात, नऊ दिवस तो उपास करतो, हे मला ठाऊकच होतं. जाळीत रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी होती, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर ती जेवणानंतर घ्या असं लिहिलं होतं. नवरात्रात जेवण नाही, मग गोळी कशी द्यायची? मंजुळाबाईनं नऊ दिवस गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या. पौषात डॉक्टर हे ऐकून चिडला, म्हणाला की असं केल्यानं जीव गेला असता, पण आताचं दुखणं त्यामुळे नाही. तिनं पहिलं तेवढं ऐकलं. घरी आल्यावर अन्नाला शिवेना. चार दिवस कोऱ्या चहावर. कितीही समजावलं तरी एकच म्हणे, मी केलं.

"मंग मी रोडग्याचं काढलं," अर्जुन म्हणाला. "तुह्यावर लय चिडली. अन् त्या दिशी जेवली."

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हे. मला बोलायचं खूप होतं. पंचावन्न वर्षांची दोस्ती, आणि तू मलाच पुढे केलंस? पण त्यानं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

तेवढ्यात मंजुळाबाई आली. हातात पूजेची ताटली. मी नागपूरला जाऊन आल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी आपणहून बोलली.

"काय म्हणले डॉक्टर?"

तिचा चेहरा मी नीट पाहिला. गालफडं बसलेली. माझा दोष ठरला का हे ती विचारत नव्हती, आपला ठरला का हे तिला ऐकायचं होतं. अर्जुनाच्या बोटांची पकड सुटली. मी खरं बोललो असतो तर कोणीच मला अडवलं नसतं.

"रोडग्यानंच झालं म्हणे," मी म्हणालो. "गोळ्यायचा काही संबंध नाही."

तिनं डोळे मिटले. मग पदर सावरला आणि म्हणाली, आता तरी कळलं ना भाऊ, तर येत नका जाऊ. मी हो म्हणालो आणि चपला घातल्या.

त्याला आता वर्ष होत आलं. अर्जुन बरा आहे, बागेत येतो. बांधापलीकडून हात वर करतो, मीही करतो. मंजुळाबाई सोबत असली की तो मान खाली घालून आळ्यातलं गवत उपटत बसतो. मला त्याची फार आठवण येते, आणि तो तर समोरच असतो.